दशावतार, पण डिस्टॉर्शनमध्ये

आधीच सांगून ठेवते. माझं शिक्षण बेळगावच्या कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढायच्या असतील तर खुशाल काढा. मराठी विभागाची संपादिका आमच्याच मजल्यावर राहते आणि दोन आठवडे मेसच्या रांगेत माझ्या मागे लागली होती, "तू तो आरडाओरडा ऐकतेस ना, त्याच्यावरच लिही की काहीतरी!" तर हा लेख त्या आरडाओरड्यावर आहे.

आमच्या हॉस्टेलमध्ये मेटल ऐकणारी मी एकटीच. निदान उघडपणे ऐकणारी तरी. माझी रूममेट कुडाळ तालुक्यातली, सिव्हिलला आहे. स्वभावाने शांत, पहाटे उठून अभ्यास करणारी. माझ्या घरून आलेला कुंदा ती एका बैठकीत संपवते, तेवढाच काय तो दुर्गुण. तर या शांत मुलीने गेल्या सेमिस्टरला रेक्टर मॅडमकडे रूम बदलून मिळण्याचा अर्ज दिला. कारण काय, तर 'सहनिवासीच्या संगीतामुळे अभ्यासात व्यत्यय'. देण्याआधी अर्ज मला वाचायलाही दिला, पाठीमागून केलं असं नको म्हणून. मी इयरफोन लावूनच ऐकते हो, पण तिचं म्हणणं, इयरफोनमधून बाहेर येतो तोच पुरेसा आहे. मला राग नाही आला. वाईट मात्र वाटलं. दीड वर्ष एका खोलीत राहून आम्ही एकमेकींना चहा आणि जर्नल याशिवाय फार काही दिलं नव्हतं, हे त्या कागदावरून कळलं.

त्याच आठवड्यात मी 'दशावतार' ऐकला. म्हणजे सिनेमा नव्हे. दिलीप प्रभावळकरांचा 'दशावतार' २०२५ मध्ये आला आणि अर्धं हॉस्टेल तो बघून रडून आलं. मी म्हणतेय तो अल्बम. मुंबईचा 'डिमॉनिक रिझरेक्शन' हा बँड, त्यांचा मार्च २०१७ मधला. तो आला तेव्हा मी शाळेत इंग्रजी कविता पाठ करत होते, त्यामुळे माझ्यासाठी तो नवाच.

बँडची ओळख थोडक्यात. साहिल मखिजाने २००० मध्ये मुंबईत सुरू केला. गातो आणि गिटार वाजवतो तोच. 'अ डार्कनेस डिसेंड्स' (२००५), 'द रिटर्न टू डार्कनेस' (२०१०), 'द डीमन किंग' (२०१४) हे आधीचे अल्बम. ब्रिटनच्या 'मेटल हॅमर' मासिकाने २०१० मध्ये यांना 'ग्लोबल मेटल'चा पुरस्कार दिला होता. या जुन्या अल्बममधला आवाज म्हणजे सुसाट ड्रम्स, राक्षसी गळा, मध्येच स्वच्छ गाणं आणि मागे कीबोर्डवरचा भव्य, सिनेमातल्यासारखा ऑर्केस्ट्रा. मुंबईत बनलेलं होतं, पण डोळे मिटून ऐकलं तर नॉर्वेचं बर्फ दिसावं असं. मला तेच आवडायचं. आपल्या रोजच्या गावापासून लांब नेणारं काहीतरी.

'दशावतार'मध्ये दहा गाणी, एका अवताराला एक. पहिलं मत्स्य, शेवटचं कल्की. शब्द इंग्रजी, पण आवाजात सतार आहे, आपली तालवाद्यं आहेत, आपल्याकडची स्वरांची वळणं आहेत. बर्फ गेलं!

खरं सांगू? पहिल्यांदा ऐकून मी वैतागले. वाटलं, झालं, यांनी पण सतार चिकटवली. लग्नाच्या हॉलमध्ये नवीन बांधकामाला वर देवळाची कमान लावतात तसं. मेटलवाल्यांमध्ये ही तक्रार जुनी आहे. मेटॅलिकाने १९९१ मध्ये वेग कमी करून काळ्या कव्हरचा अल्बम काढला तेव्हा जुने चाहते बिथरले होते. ब्राझीलच्या सेपुल्तुराने १९९६ मध्ये 'रूट्स' केला, त्यासाठी शाव्हान्ते आदिवासींबरोबर रेकॉर्डिंग केलं, तिथली तालवाद्यं घेतली. त्यावर आजही दोन तट आहेत. आवडत्या बँडने आवाज बदलला की आपल्या खोलीतलं कपाट कुणीतरी न विचारता हलवल्यासारखं वाटतं.

पण मी इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी. वैताग आला तरी 'हे असं का वाटलं' हा प्रश्न सुटत नाही. म्हणून जरा खोलात गेले, आणि जे सापडलं ते सांगण्यासाठीच हा सगळा खटाटोप.

डिस्टॉर्शनपासून सुरू करू. इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये क्लिपर सर्किट आठवतंय? साइन वेव्ह आत, डायोडने ०.७ व्होल्टच्या आसपास डोकं छाटलेली वेव्ह बाहेर. ऑसिलोस्कोपवर बघायचं, जर्नलमध्ये काढायचं, सही घ्यायची, विसरायचं. गिटारच्या सिग्नलला नेमकं हेच केलं की मेटलचा आवाज. छाटलेल्या वेव्हमध्ये मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतल्या नव्या फ्रिक्वेन्सी तयार होतात, म्हणून तो आवाज खरखरीत आणि भरलेला लागतो. दोन स्वर एकत्र आत घातले तर त्यांच्या बेरजेच्या आणि वजाबाकीच्याही फ्रिक्वेन्सी बाहेर येतात.

आता गंमत बघा. गिटारची एक तार ११० हर्ट्झला लावलेली असते. तो सा धरा. त्याचा पंचम १६५ च्या आसपास. वजाबाकी ५५, म्हणजे बरोब्बर एक सप्तक खालचा सा! तो कुणी वाजवलेला नाही, तो सर्किटने काढला. म्हणून सा आणि प एवढे दोनच स्वर दाबून मेटलवाला भिंत हलवतो. याला पॉवर कॉर्ड म्हणतात. पण सा बरोबर गंधार वाजवला तर? गिटारच्या पट्ट्या पक्क्या ठोकलेल्या, त्यांच्यावर गंधार येतो १३८.६ ला. वजाबाकी २८.६. खालचा सा हवा तर २७.५ पाहिजे होता. जवळ आहे, पण जुळत नाही. डिस्टॉर्शनमध्ये हा थोडासा फरक चिखल करतो. म्हणून मेटलमध्ये भरगच्च कॉर्ड कमी आणि सा-प जास्त.

हे सगळं मी मेसमध्ये हार्मोनियम शिकणाऱ्या एका ज्युनियरला सांगत होते. तिने भात कालवता कालवता विचारलं, "मग हा तानपुराच झाला की?"

मी घास तसाच धरून बसले. तानपुऱ्याच्या चार तारा, प, सा, सा आणि खर्जातला सा. पॉवर कॉर्ड, सा, प, वरचा सा. जे मला नॉर्वेचं वाटत होतं ते प्रत्येक मैफलीत मागे चालू असतं. पुढे तिनेच सांगितलं की मेटलवाल्यांचा लाडका फ्रिजियन मोड म्हणजे भैरवी थाटाचे स्वर आणि साधा मायनर म्हणजे आसावरी थाटाचे. राग नव्हे बरं का, फक्त स्वर. रागात चाल, वळण, ठेहराव हे सगळं येतं. नुसते स्वर जुळले म्हणजे गिटार भैरवी गायला लागली असं नाही.

आणि जवारी! इथून ५० किलोमीटरवर मिरज आहे, जिथे पिढ्यान्‌पिढ्या सतार-तानपुरे बनतात (त्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं). तारेखालची ती रुंद, किंचित उतरती घोडी घासून घासून अशी करतात की कंप पावणारी तार तिला हलकेच शिवत राहते. त्या शिवण्यातून वरचे स्वर उमटतात आणि तो झणझणीत 'झंऽऽ' येतो. म्हणजे स्वच्छ तारेचा आवाज मुद्दाम खरवडून श्रीमंत करायचा. क्लिपर दुसरं काय करतो? एकाकडे डायोड आणि दुसऱ्याकडे कानस, एवढाच फरक.

मग इतकं साम्य असून माझ्या कानाला टोचलं काय? तर तोच गंधार. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले, सरकवता येणारे. सतारिया गंधार कानाने लावतो, १३७.५ ला, आणि मींडेने दोन स्वरांच्या मधल्या सगळ्या जागा फिरून येतो. गिटार १३८.६ वर ठाम. दोघं एकत्र आले की सेकंदाला साधारण एक हेलकावा. मला वाटतं, म्हणूनच अशा प्रयोगांत सतारीला सुरुवातीला नाहीतर मधल्या शांत जागेत बोलवतात आणि गिटारचा लोंढा आला की ती मागे सरते. पाहुणीसारखी. पहिल्या ऐकण्यात मला जी 'चिकटवलेली' वाटली ती ही. ज्या जागी गिटारनेच आपली वळणं उचलली आहेत तिथे मात्र शिवण दिसत नाही. 'दशावतार' मला आवडायला लागला तो त्या जागांमुळे.

तालाचं तसं नाही. ताल पटकन जुळतो. मेटलचा ड्रमर दोन्ही पायांनी बास ड्रम वाजवतो. मिनिटाला २०० चा ठेका आणि एका मात्रेत चार ठोके धरले तर सेकंदाला १३ च्या वर ठोके होतात. वर हातांचा कडकडाट वेगळा. कोल्हापुरात कुस्तीच्या मैदानात हलगी ज्याने ऐकली आहे त्याला यात नवल वाटायचं कारण नाही. शेकोटीवर कातडं तापवून ताणलेली हलगी, सोबत घुमकं आणि कैताळ. हलगी म्हणजे स्नेअर, घुमकं म्हणजे बास ड्रम, कैताळ म्हणजे सिंबल. पूर्ण ड्रमसेट आहे तो, फक्त तीन माणसांत वाटलेला! पैलवान खडाखडीला आले की हलगी जी चढते ना, नाद खुळा. दिल्लीच्या ब्लडीवूडने 'रक्षक' (२०२२) मध्ये ढोल घेऊन जगभर लोक नाचवले ते याच जोरावर. हलगी घेऊन कोल्हापूरच्या कुणी अजून असं का केलं नाही, हा माझा प्रश्न आहे. मेकॅनिकलच्या मुलांनी मनावर घ्यावं.

राहिला गळा. तो राक्षसी आवाज घसा फाडून काढत नाहीत. नेहमीच्या स्वरतंतूंच्या वर आणखी दोन घड्या असतात, एरवी बोलताना त्या गप्प असतात. श्वासाचा दाब सांभाळून त्यांना थरथरवायचं. तिबेटी लामांच्या खर्जातल्या मंत्रपठणातही त्याच घड्यांचं काम असतं. मी बाथरूममध्ये प्रयत्न केला. रेक्टर मॅडम वर आल्या. असो.

आता रूममेटकडे. रविवारी दुपारी लाइट गेले, फोनमध्ये चार्जिंग होतं, आणि माझ्या एका कानातला इयरफोन निसटून गादीवर पडला होता. त्यातून 'मत्स्य' चालू. ती नेहमीप्रमाणे म्हणाली, "ह्येच्या पोटात दुखता काय गो?" मी म्हटलं, अगं, हे मत्स्य अवताराचं गाणं आहे.

ती पुस्तक मिटून उठून बसली. "मत्स्य म्हणजे संकासुराचा?"

मला संकासुर माहीत नव्हता. कॉन्व्हेंटमध्ये नोहाची नाव मी चित्रासकट रंगवली आहे, प्रत्येक प्राण्याची जोडी. पण मनूच्या ओंजळीतला मासा, त्याचं वाढत जाणं, प्रलयात शिंगाला बांधलेली नाव, हे मला एका मेटल अल्बममुळे शोधून वाचावं लागलं, तेही इंग्रजीतून. आजी सांगायची म्हणे, मी लक्ष दिलं नाही. ती गेली तेव्हा मी नववीत होते.

"तुका संकासुर म्हायत नाय?" तिला खरंच वाईट वाटलं. आणि मग दीड वर्षात जेवढं बोलली नसेल तेवढं ती त्या दुपारी बोलली. त्यांच्याकडे जत्रेच्या रात्री पालखी झाली की दशावतारी नाटक उभं राहतं, ते पहाटेपर्यंत. पेटी, मृदंग आणि झांज. स्टेजवर एक बाकडं, तेच सिंहासन, तेच रथ. लिहिलेली संहिता नसते. कुठलं आख्यान आणि कुणाचा प्रवेश कधी हे आधी ठरतं, संवाद तिथल्या तिथे. रंग ज्याचा त्याने लावायचा, साड्या नेसणारेही पुरुषच. सुरुवातीला गणपती, सरस्वती येतात, आणि मग ब्रह्मदेवाचे वेद चोरणारा संकासुर. त्यालाच मारायला विष्णू मासा होतो. हल्ली वेळ नसतो म्हणून हा सुरुवातीचा भाग बऱ्याचदा गाळतात, असं ती म्हणाली. तिच्या आजीला त्याचा राग आहे.

मी मोठ्या उत्साहाने गाण्यातला राक्षसी गळ्याचा तुकडा लावला. म्हटलं, बघ, हा तुझा संकासुर!

ती ऐकून घेऊन म्हणाली, "आमचो संकासुर असो बोंबलत नाय. तो हसयता."

काळे कपडे, तोंडावर काळा बुरखा, बाहेर लोंबणारी लाल जीभ, आणि अस्सल मालवणीत देवांची टर उडवणारा. पोरं घाबरतात आणि हसतात, दोन्ही एकदम. मी गप्प झाले. मेटलमध्ये मी पाच वर्षं राक्षस ऐकतेय, पण हसणारा एकही नाही. सगळे भयंकर गंभीर. मग आठवलं म्हणून तिला सांगितलं की 'डीमनस्टीलर' असं टोपणनाव लावणाऱ्या या साहिल मखिजाने यूट्यूबवर रेसिपीचा कार्यक्रमही केलाय, 'हेडबँगर्स किचन', चांगला लोकप्रिय आहे. तिचा चेहरा खुलला. "मग तसा सांग ना! रांधता तो? मग असा तो संकासुर."

त्या दिवसापासून आम्ही रात्री एकेक गाणं ऐकतो, एक इयरफोन तिला, एक मला. आधी ती गोष्ट सांगते, मग गाणं. तिला सगळंच आवडत नाही. नरसिंह आवडला ("खांब फुटल्यासारखो वाटता"), कूर्म लांबला म्हणाली. वामनाच्या वेळी तिला झोप लागली. परशुरामावर मात्र तिचा हक्क, कारण कोकणाची जमीन समुद्र हटवून त्यानेच काढली अशी तिकडची समजूत. रामाचं आणि कृष्णाचं गाणं मला जरा घाईत उरकल्यासारखं वाटतं. एवढी मोठी आयुष्यं एका गाण्यात बसवायची म्हणजे तसं होणारच.

नवव्या गाण्यावर अडलो. अल्बममध्ये नववा बुद्ध आहे. रूममेट म्हणाली, त्यांच्या घरच्या जुन्या पंचांगाच्या चित्रात नवव्या जागी विठोबा आहे. ते खरं आहे. महाराष्ट्रात आणि गोव्यात काही पंचांगांत आणि देवळांच्या शिल्पांत तसं सापडतं. तेवढ्यात शेजारच्या खोलीतली मैत्रीण आत आली. तिने बाबासाहेबांच्या नागपूरच्या, १९५६ च्या २२ प्रतिज्ञांची आठवण करून दिली, बुद्ध हा विष्णूचा अवतार मानणार नाही अशी त्यात स्पष्ट प्रतिज्ञा आहे. तिच्या घरी ती रोजच्या बोलण्यातली गोष्ट आहे. गाणं राहिलं बाजूला, रात्री दीडपर्यंत आम्ही तिघी बोलत होतो. मुंबईच्या पोरांनी प्रचलित यादी उचलली आणि दहाचे दहा केले, पण त्या यादीत कुणाचं काय दुखतं याचा त्यांनी विचार केला का, हे गाण्यावरून मला कळलं नाही. ते गाणं मी नंतर एकटीने ऐकलं. चांगलं आहे. पण आता नुसतं गाणं म्हणून ऐकता येत नाही.

आवाज बदलण्याबद्दल एक गोष्ट सांगायचीच राहिली. देवल क्लबच्या इमारतीवरून आपण रोज जातो. शाहू महाराजांच्या दरबारात होते ते अल्लादिया खाँसाहेब. तरुणपणी अति गाण्याने त्यांचा आवाज गेला. परत आला, पण पूर्वीसारखा नाही. मग त्यांनी त्या आवाजाला झेपेल अशी वेगळीच गायकी बांधली, वाकड्या, अवघड, एकात एक गुंतलेल्या तानांची. तेच पुढे जयपूर-अत्रौली घराणं. मला कल्पना करायला आवडतं, की त्यांचा जुना आवाज ऐकलेले श्रोतेही तेव्हा कुठेतरी कुरकुरत असतील, "पूर्वीचं राहिलं नाही हो."

तर ऐका. चांगल्या इयरफोनवर ऐका, फोनच्या स्पीकरवर नको, खालचा ५५ हर्ट्झ त्यातून येतच नाही. आधी 'मत्स्य', मग 'नरसिंह', मग थेट 'कल्की'. बाकीची हळूहळू. पहिल्यांदा नाही आवडली तर माझ्याकडे येऊन भांडा, रूम नंबर संपादिकेला माहीत आहे.

रूममेटचा अर्ज अजून ऑफिसात आहे. ती काही बोललेली नाही, मीही विचारलेलं नाही. मात्र परीक्षा संपल्यावर तिच्या गावच्या जत्रेला यायचं असं तिने मला परवा बजावलंय. मी म्हटलं, रात्रभर जागायचं, आवाज कसा असतो? म्हणाली, चार भोंगे लावतात, मृदंगाच्या बाजूलाच बसायचं. "तुझ्या कानांका चालात."